पाठीवरचा तीळ

लालबर्रा, ९ नोव्हेंबर १९६४
बालाघाटहून सकाळच्या बसने आले. मुलींच्या शाळेत रुजू झाले आणि लगेच खोलीही मिळाली! घर शेवंताबाईंचं. विधवा, एकट्याच राहतात. मागेच राइस मिल, त्यामुळे घरभर कोंड्याचा वास. जेवायला गरम भात आणि लाखोळीची डाळ होती. आईला आता काळजीचं कारण नाही.

१५ नोव्हेंबर
बाईंनी हट्टाने न्हाऊ घातलं. पाठ चोळताना त्यांचा हात थांबला. मी सांगितलं, तीळ जन्मापासूनचा आहे. वाढला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रंग बदलला किंवा रक्त आलं, तर लगेच काढून घ्यायचा, असं डॉक्टरांनी बजावलंय. मला तो दिसत नाही. घरी आई बघायची. बाई म्हणाल्या, आता मी पाहत जाईन.

२० डिसेंबर
दर रविवारी बघतात, खोबरेल लावतात. तसाच आहे, म्हणतात. खाज सुटते म्हटलं, तर थंडीमुळे म्हणाल्या. त्यांची मुलगी साधना माझ्याच वयाची असताना वारली. कशाने, ते सांगितलं नाही.

१० जानेवारी १९६५
खाज थांबत नाही. मधल्या सुट्टीत खुर्चीला पाठ घासत बसते. बाईंचं उत्तर तेच. पण त्यांचं बोट तिळाभोवती फिरतं ते आता मोठ्या गोलात, असं वाटतं. की भासच?

१४ जानेवारी
पोलक्याच्या पाठीवर डाग होता. शाळेतून आले तोवर बाईंनी धुऊन टाकलं. पानाचा डाग म्हणाल्या. मी पान खात नाही.

१६ जानेवारी
शाळेतल्या दुर्गाबाईंना पाठ दाखवली. त्यांनी पदर तोंडाला लावला. रुपयाएवढा झालाय. मध्ये निळसर काळा, कडा फुटलेल्या, ओला. 'कोनी पाह्यला नाही का वं?'
पाहिला. दर रविवारी पाहिला.
साधनालाही असाच होता म्हणे. फार उशिरा नागपूरला नेलं, कापला, पण ती वाचली नाही. उद्या सकाळी बालाघाटला डॉक्टरांकडे जायचं. दुर्गाबाई बसवर भेटणार. सोबत येतील.

१७ जानेवारी, सकाळ
बाईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. म्हणाल्या, 'कापलं म्हनून गेली माही साधना. तुले नाही जाऊ देत मी.'
मी ट्रंक भरत होते. बाहेरून कडी लागली.

दुपार
बसचा हॉर्न ऐकला. बस गेली. हाका मारते आहे, पण मिलची धडधड— कोणाला ऐकू जाणार?
त्या दाराशीच बसल्यात. मला साधना म्हणतात. मी पुष्पलता आहे, किती वेळा ओरडून सांगितलं. हौ बाई, हौ, म्हणतात.
पाठ ओली लागते.

बाहेर चुना आणि सोडा कालवलाय म्हणतात. तीळ जाळून टाकू, मग कापायचं कामच नाही— असं समजावतात. इतक्या मायेने की—
दुर्गाबाई बसवर वाट पाहून इकडे येतील. येतीलच. अजून काहून आल्या नाहीत—

भांडं वाजलं. उठल्या वाटतं.
कडी काढली की धावायचं. ढकलावं लागलं तरी. म्हाताऱ्या आहेत, उंबऱ्यावर पडल्या तर— नाही, ढकलायचंच. डॉक्टर म्हणाले होते, लगेच—
कडी निघा