दुर्बिणीची झाकणं

पिंपरी, रविवार, एप्रिल १९५७

जीव थाऱ्यावर नाही. बाबा कोकणातून आलेत. सकाळी पुण्याच्या जुन्या बाजारातून त्यांच्या होडीसाठी दुर्बीण आणली, लष्कराच्या मोडीतली. लांबचं जरा कमी दिसतं, एवढंच ते म्हणत होते. दुकानदार मोठी गळ्यात मारत होता. मी होडीत उभा असल्यासारखा डुलत दोन्ही लावून पाहिल्या. मोठीत देवळाचा कळस नुसता थरथरत होता, लहानीत जागचा हलेना. लहानच घेतली, स्वस्तही पडली. केवढा खूश होतो मी!

संध्याकाळी बाबांना पवनेच्या काठी नेलं. त्यांनी लगेच दुर्बीण डोळ्यांना लावली.

"दिसता रे, लख्ख दिसता! पलीकडे बायलमाणसां कपडे धुतत."

धुणं खरंच चाललं होतं. आपटल्याचा आवाज मलाही येत होता. पण भिंगांवरची चामड्याची झाकणं तशीच होती. मी काढायचीच विसरलो होतो.

कधीपासून दिसत नसेल? गावी आईला तरी ठाऊक असेल का? विचारायला तोंड उघडलं आणि नुसतं "होय बाबा" म्हणालो. का म्हणालो?

उद्या ते गावी निघणार. "आता दर्यात जावक भय नाय," म्हणाले, आणि दुर्बीण आपल्या हाताने पिशवीत ठेवली. झाकणांसकट.