चौदावी चूक

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या ऑफिसातल्या बाईंच्या नवऱ्याला भाऊजींसारखाच आजार निघाला, आणि नव्या, प्रयोगातल्या उपचारांची माहिती काढायला तू त्यांना माझ्याकडे पाठवते आहेस. 'माझ्या धाकट्याने आमच्या वेळी जिवाचं रान केलं,' असं त्यांना सांगितलंस म्हणे. ते वाचल्यापासून घास गोड लागत नाही.

छापखान्यात प्रुफं तपासण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. भाऊजी मला 'शुद्धोबा' म्हणायचे, ते काही उगाच नाही. आजार कळला तेव्हा तू म्हणालीस, तू वाचणारा माणूस, तूच बघ. मी बघितलं. कसं, ते तुला माहीत नाही.

त्याच आठवड्यात भाऊजींनी मला हॉस्पिटलातून मिळालेला एक कागद वाचायला दिला. नव्या औषधाची चाचणी होणार होती, तिच्यात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी. झेरॉक्स तिरकी, भाषा ओबडधोबड, 'तपासणी'ची 'तपासनी' झालेली. मी सवयीने लाल पेन काढलं आणि चौदा चुका काढल्या. ज्यांना 'तपासणी' लिहिता येत नाही ते काय डोंबल तपासणार, असं म्हणून कागद फायलीत टाकला. भाऊजी हसले. त्याच कागदावर स्वच्छ लिहिलं होतं, की गुण येईलच असं नाही, त्रास होऊ शकतो, शंका असतील तर अमुक डॉक्टरांना विचारा. खरं बोलणाऱ्याची ती खूण होती, आणि मी वेलांट्या मोजत बसलो.

मग इंटरनेटवर मला ते दुसरं क्लिनिक सापडलं. एक चूक असेल तर शपथ! स्वल्पविरामसुद्धा जागच्या जागी. हमखास गुण, बरे झालेल्यांची पत्रं. हा उपचार कुणी पारखलाय, किती जणांवर, त्याची नोंद कुठे आहे, यातलं मी काहीच विचारलं नाही. तीन महिने तिथे गेले. परत हॉस्पिटलात गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता चाचणीत घेण्याइतकी ताकद यांच्यात राहिली नाही. तुला वाटलं, चाचणीचं आपल्याला उशिरा कळलं. भाऊजींनी त्या कागदाचा विषय काढला नाही, मीही नाही. त्यांनी मला सांभाळून घेतलं आणि मी घेऊ दिलं.

त्या औषधाने ते वाचलेच असते असं नाही. ते तर कागदच सांगत होता. पण ठरवायचं त्यांनी होतं, आणि ठरवलं मी. ताई, याची मला फार लाज वाटते.

बाईंना मी प्रश्नांची यादी देऊन आधी त्यांच्या डॉक्टरांकडेच पाठवीन. पण पुन्हा कुणाला माझी हमी देण्याआधी सोबतचा कागद बघ. परवा फायलीत सापडला. छापलेल्या चुका तेराच आहेत. चौदावी खाली कोपऱ्यात, भाऊजींच्या अक्षरात, पेन्सिलीने: 'विचारून तरी बघु या का?' त्याला मी उत्तर दिलेलं नाही. 'बघु'चा उकार तेवढा लाल पेनने दीर्घ केलाय.

तुझाच,
शुद्धोबा