ईस्टरपर्यंत दहा मिनिटं

६ मार्च
आजपासून रोजनिशी. पुढे कधी प्रश्न पडला की दहा मिनिटांच्या आत लॅप मारला कसा, तर तारीखवार सापडावं.

रिंगवर (शर्यतीचा ट्रॅक, वीस किलोमीटर, सत्तरेक वळणं, तिकीट काढलं की कुणालाही खुली) माझा आजवरचा सर्वोत्तम वेळ अकरा मिनिटं बावन्न सेकंद. दोष माझा नाही, टायरांचा.

आनेग्रेटशी ठरलं. दहा मिनिटांखाली आलो तर स्पोर्ट्स कार राहील. नाही आलो तर ती विकून झोपायची सोय असलेली व्हॅन घ्यायची. तिला समुद्रावर जायचंय. नऊ वर्षं म्हणतेय. बायकोच्या जातीला चिकाटी फार. मुदत तिने ऑक्टोबरपर्यंत दिली होती. ईस्टर सोमवार मीच म्हटलं. तिने दोनदा विचारलं, नक्की ना? नक्की.

परफॉर्मन्स टायर मागवले.

१५ मार्च
टायर आले. खाचा जवळजवळ नाहीतच. वास अप्रतिम.

हुबर्टने रिमवर चढवून दिले, पण चाकं गाडीला लावायला नकार. वीस वर्षं टायरांचं दुकान चालवतोय म्हणून फार शहाणा समजतो स्वतःला. म्हणे सात अंशांखाली हे रबर लाकूड होतं, एप्रिल संपू दे. मी त्याला आमच्या अख्ख्या आयफेलच्या डोंगराळ मुलखाला पाठ असलेला नियम ऐकवला: ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर, ईस्टरपासून उन्हाळी. आणि यंदा ईस्टर मार्चातच आहे. म्हणजे उन्हाळा लवकर.  यावर त्याने बिल पुढे सरकवलं.

निघताना दोन सूचना. पहिले दोनशे किलोमीटर जपून चालव, नवं रबर निसरडं असतं. आणि पन्नास किलोमीटर झाले की चाकांचे बोल्ट पुन्हा आवळ. नोंद केली.

१९ मार्च
गॅरेजात तीन अंश. चाकं पाहुण्यांच्या खोलीत हलवली, हीटर दोनवर. पाहुणे आलेच तर सोफा आहे.

आनेग्रेटने पाहुण्यांच्या उशा सोफ्यावर नेल्या. ती पहाटे निघते. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना इंजेक्शनं, मलमपट्ट्या. सगळा हिवाळा त्या चिमुकल्या लाल गाडीत डोंगरावर वर-खाली. गाडी चालवण्यातला आनंद बिचारीला कधी कळलाच नाही.

२९ मार्च, गुड फ्रायडे
चौदा अंश! काय म्हणालो होतो?

चाकं स्वतः लावली. आज शोकाचा दिवस, गावात आवाज करायचा नाही, म्हणून सगळं हातपान्याने. पहिल्या चाकाला पन्नास मिनिटं. टायरवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असतो. डावी चाकं उजवीकडे लागली होती हे चारही झाल्यावर दिसलं. पुन्हा काढली. संकल्प: आधी बाण.

संध्याकाळी चौदा किलोमीटर. पहिल्याच वळणाला गाडीची मागची बाजू पुढे यायला बघत होती. नव्या रबराचं मेण असणार. किंवा माझी शैली. घरी आलो तेव्हा तळहात ओले होते. दव.

३० मार्च
हिवाळी टायर भंगारात टाकून आलो, आनेग्रेटच्या गाडीतून. परतीचे दोर कापले.

३१ मार्च, ईस्टर, सकाळी ७
रात्री घड्याळं तासभर पुढे, उन्हाळी वेळेवर गेली. बाहेर बर्फ पडतोय.

९.३०
बर्फ पातळ आहे. उद्या मुदत. दोनशेतले एकशे शहाऐंशी किलोमीटर बाकी. जपूनच तर चालवायचंय. निघतो.

१०.४०
चर्चचा उतार. गाडीत बसून लिहितोय. उजवा पाय ब्रेकवर, हँडब्रेक वर ओढलेला. गाडी थांबलेली आहे. म्हणजे तशी थांबलेली नाही. खाली, उताराच्या टोकाला, हुबर्टची व्हॅन उभी आहे. स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळत नाही.

१०.४८
घंटा वाजली आणि गाडी हातभर सरकली. योगायोग.

१०.५५
प्रार्थना संपली, लोक बाहेर आले. हुबर्ट व्हॅनशेजारी, हात खिशात.  ओरडला असता तर बरं. व्हॅनपर्यंत तीन मीटर असतील. पाय थरथरतोय, आणि पाय थरथरला की गाडी सरकते. मला भीती वाटतेय. हे नंतर खोडीन.

११.०२
दोन मीटर. खालून लाल गाडी येतेय.

दुपारी २
आनेग्रेट ड्यूटीवर होती. माझ्या बाजूने चढून वर गेली, चाक एकदाही न घसरता. उतरली, रस्त्याकडेच्या पेटीतून बर्फावर टाकायची बारीक खडी काढून माझ्या चारी चाकांखाली पसरली. मग काचेवर टकटक. "मी सांगेन तेव्हा ब्रेक सोड. हळू. मी इथेच आहे, राइनहोल्ट."

व्हॅनपासून एक वीत अंतरावर थांबलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सण आहे. आनेग्रेट पुढच्या पेशंटकडे गेली. तिला उशीर झाला होता.

१ एप्रिल, ईस्टर सोमवार
पाच अंश. बर्फ वितळला, रस्ते ओले. रिंग उघडी.

म्हटलं, अशा हवेत करार लागू होत नाही. ती म्हणाली, ठीक आहे, मग माझी गाडी ने, हिवाळी टायर आहेत. किल्ली मीच घेतली. रिंगच्या फाटकापाशी इंजिन दोनदा बंद पाडलं. झोप झाली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "सरक."

ती चालवत होती. मी शेजारी, मांडीवर स्वयंपाकघरातला टायमर. एखाद्या आजीबाईंकडे निघाल्यासारखी चालवत होती. एकदा म्हणाली, त्या झाडाच्या पुढे पाणी साचतं. साचलं होतं. तिथे दोन स्पोर्ट्स कार चाचपडत होत्या. त्यांना मागे टाकलं.

अकरा मिनिटं एकतीस सेकंद.

टायमर अंड्यांसाठीचा आहे, त्याचा काय भरवसा. शिवाय उजव्या वळणांना माझ्या वजनाचा उपयोग झाला.

परतताना वाटलं होतं आता टोमणा येईल. आला नाही. तिने विचारलं, "समुद्रावर जूनमध्ये जाऊ या?" मी खिडकीबाहेर बघत हो म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही, हे फार बरं केलं.

रात्रीच्या जेवणाआधी जाहिरात लिहिली. स्पोर्ट्स कार, एकाच मालकाची, जिवापाड जपलेली. टायर नवे, धावलेले पंधरा किलोमीटर. पन्नास झाले की बोल्ट घेणाऱ्याने आवळावेत.