गळ्यात काय होतं?

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५

जिन्याखाली कुत्रा! मीटरच्या पेट्यांखाली अंग चोरून बसलेला, थरथरतोय. भाऊबीज झाली तरी समोरच्या बी-विंगवाल्यांची हौस फिटलेली नाही. काल संध्याकाळी गेटातच भली मोठी माळ लावली. माझी छाती अजून धडधडतेय, मग मुक्या जनावराचं काय झालं असेल! सेक्रेटरीकडे तक्रार केली. शौनक त्याचं नाव, माझ्या संदेशच्या वयाचा. म्हणाला, "अण्णा, वर्षातून एकदाच असतं ना. तुम्ही तेवढं कुत्र्याला बाहेर काढा." कुत्र्याला काढा! माळ लावणाऱ्याला का नाही काढत?

भटका नाही हा. हात चाटतो, 'बस' म्हटलं की बसतो. तपकिरी रंग, पुढचे दोन पाय पांढरे, मोजे घातल्यासारखे. कुणाचा तरी हरवलाय. बिस्किटं दाखवत लिफ्टने वर आणला. हेमा आधी नको नको म्हणत होती. मी दूध आणायला गेलो आणि परत येतो तर हिने त्याला आंघोळ घालून, पुसून, माझ्याच जुन्या बनियनवर बसवलेला.

संध्याकाळी ट्यूबखाली बघितलं तर केसांत लपलेला काळा दोरा गळ्यात. दोऱ्यात एक कवडी. धुळीमुळे आधी दिसला नसावा.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सकाळी दोरा सोडवला आणि पत्र्याच्या डब्यात ठेवला. डब्यात माझा कारखान्याचा पितळी बिल्ला आहे, त्याच्याशेजारी.

वागळे इस्टेटला टूलरूमच्या खिडकीवर एकतीस वर्षं बसलो. सातवी शिकलेला माणूस, पण माझ्या हातून एक पाना चुकीच्या माणसाकडे गेला नाही. बिल्ला दिल्याशिवाय साहेबालासुद्धा पाना नाही! मग कुत्रा कसा देईन?

संदेशची क्षिप्रा सुट्टीची आली होती डोंबिवलीहून. तिने फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली माझा नंबर. फोटोत रंग दिसतो, पाय दिसतात. ते कुणीही सांगेल. दोरा दिसत नाही. जो दोरा सांगेल, त्याचा कुत्रा.

खूण कुणाला सांगितलेली नाही. क्षिप्राला नाही, हेमालाही नाही. हेमाला सांगितलं की शेजारच्या कल्पिताला कळणार, आणि कल्पिताला कळलं की अख्ख्या कोपरीला.

रविवार, २६ ऑक्टोबर

सकाळपासून फोन. उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून मी स्पीकर लावून बोलतो. हेमा वैतागते. वैतागू दे.

काय एकेक माणसं! एकाने विचारलं, ब्रीड कोणतं? म्हटलं, हरवलेला तुमचा आणि ब्रीड मला विचारता? एक बाई म्हणाली, आमचाच आहे, पाठवून द्या. पाठवून द्या! पार्सल आहे काय? कळव्याचा एक जण प्रत्यक्ष आला. गळ्यात काय होतं विचारलं तर म्हणतो, "साखळी." बरं, म्हटलं, या आता. मग म्हणतो, "नाही नाही, पट्टा." मग म्हणतो, "तुम्हीच सांगा ना काका, काय होतं ते." वॉचमन हसायला लागला. मला हसू येत नाही असल्या गोष्टींचं. दुसऱ्याच्या जिवावर खुशाल खोटं बोलतात लोक. तोंडं बघून डोकं भणभणतं.

सोमवार, २७ ऑक्टोबर

आज लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

याला मुकादम म्हणायला लागलोय. उठल्यावर आधी सगळ्या खोल्या फिरून येतो, पलंगाखाली डोकं घालतो, मग बसतो. सकाळी मिठबंदर रोडला दोघं जाऊन आलो. गुडघा धरल्यापासून मी तिकडे गेलेलो नव्हतो. त्यानेच मला ओढत नेलं.

मी खाली गेलो की दाराशी बसून राहतो, असं हेमा म्हणते. परत आलो की दार उघडायच्या आत उठलेला असतो. एवढी वाट बघणारं या घरात कोण आहे? संदेश महिन्यातून एकदा येतो आणि सगळा वेळ मोबाईल बघतो.

शौनकची चिठ्ठी आली. लिफ्टमधून कुत्रा नेऊ नये. सही, शिक्का! पाण्याची टाकी चार महिने गळतेय, तिच्यासाठी एक ओळ लिहायला जमली नाही याला. चिठ्ठी परत पाठवली. मागे लिहिलं, जिन्याने नेईन, गुडघे तुमचे द्या.

क्षिप्राला फोन करून म्हटलं, आता तो फोटो काढून टाक, पुरे झालं. म्हणाली, "आजोबा, ग्रुपवर गेलेलं परत येतं का?"

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आजचा दिवस फार वाईट गेला.

अकरा वाजता वॉचमनने इंटरकॉम केला. खाली एक बाई, साठीच्या आसपास. गंगुबाई नाव सांगितलं, विठ्ठलवाडीला राहते. भाऊबीजेला इथे कोपरीत भावाकडे आली होती, कुत्र्याला सोबत घेऊन. माळ फुटली तसा तो पट्टा तोडून पळाला. सात दिवस रोज येतेय, गल्ल्या शोधतेय. फोटो कालच तिच्या भावजयीने दाखवला. हातात पिशवी, पिशवीत डबा. त्याच्यासाठी भात आणलेला.

रंग सांगितला, पाय सांगितले. म्हटलं, ते फोटोत आहे. डावा कान कापलेला म्हणाली. म्हटलं, बाई, नसबंदी केलेल्या सगळ्याच कुत्र्यांचा कान कापतात. नाव बंड्या म्हणाली. नाव काय, कुणीही काहीही सांगेल.

मग विचारलं, गळ्यात काय होतं?

"निळा पट्टा. तोच तुटला ना."

"पट्ट्याशिवाय?"

"आणखी काय असणार, भाऊ? काही नव्हतं."

म्हटलं, मग तो तुमचा नाही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "एकदा खाली आणा. मला बघून काय करतो तेवढं बघा. नाही आला तर जाते मी." मी म्हटलं, कुत्रा कुणापुढेही शेपूट हलवतो, हातात भात असेल तर जास्तच. आधी खूण, मग कुत्रा. तशी म्हणाली, आमचे हे, गुणाजी, गेल्या वर्षी वारले. शेवटचे दोन महिने तो त्यांच्या खाटेखालून हलला नाही. घरात आता तोच आहे.

रोज असल्या गोष्टी ऐकतोय, म्हटलं. हे मी तिला तोंडावर म्हटलं. वॉचमनसमोर. आणखी एक म्हटलं, खोटं बोलायला या वयात लाज वाटली पाहिजे.

ती एवढंच म्हणाली, "तुम्हाला द्यायचाच नाहीये." एका कागदावर वॉचमनकडून स्वतःचा नंबर लिहून घेतला, माझ्या हातात ठेवला आणि गेली. डबा तिथेच खुर्चीवर ठेवून गेली.

कागद फाडणार होतो. डब्यात टाकला, माझ्या पत्र्याच्या.

वर आलो तर हेमा म्हणते, तुम्ही खाली होतात तेवढा वेळ हा खिडकीशी उभा राहून रडत होता. कोण आलं होतं? मी म्हटलं, कुणी नाही. सगळ्यांनी मिळून मला चोर ठरवायचं ठरवलंय काय?

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

वॉचमनने हेमाला सगळं सांगितलं. तोंड आहे की नळ! दुपारी जेवताना ही समोर बसली. काय विचारलंत त्या बाईला? मी म्हटलं, खूण विचारली. कसली खूण? नाइलाजाने डबा उघडून दोरा दाखवला.

हेमाने दोरा हातात घेतला आणि कवडी उलटसुलट करून बघितली. मग म्हणाली, "अहो, हा मी बांधलाय. आंघोळ घातल्यावर. दृष्ट लागू नये म्हणून. कवडी माझ्या देवघरातली आहे."

मी म्हटलं, मग आधी बोलायचं नाही? एवढी मोठी गोष्ट तोंडातून काढता येत नाही? तुझ्यामुळे एका बाईला हाकलून दिली मी! तुझ्या दोऱ्यामुळे! फार बोललो. ताट सारलं.

ती म्हणाली, "मी सांगितलं होतं तुम्हाला."

खोटं! कधी सांगितलं? साफ खोटं बोलते. पंचेचाळीस वर्षं संसार केला आणि आता माझ्यावरच उलटवते. मी काही विसरत नाही. ही वही आहे माझ्याजवळ, रोजचं रोज लिहितो. दाखव म्हणावं, कुठल्या पानावर आहे!

शनिवार, १ नोव्हेंबर

हेमा बोलत नाही. चहाचा कप पुढ्यात ठेवते आणि जाते. कल्पिता जिन्यात भेटली, तीही मान वळवून गेली. शौनकने दुसरी चिठ्ठी चिकटवली, या वेळी सरळ लिफ्टवरच. फाडून टाकली. गुडघा ठणकतोय. सगळ्यांचा राग येतोय, झाडू मारणाऱ्याचासुद्धा. त्या बिचाऱ्याने काय केलंय?

कुत्रा परवापासून जेवत नाही. दूध नाही, बिस्किट नाही. गंगुबाईचा डबा वॉचमनने फ्रिजमध्ये ठेवायला वर पाठवला होता. तो उघडून पुढे ठेवला तर हुंगला आणि डब्याला चिकटून बसला. खाल्लं नाही.

दाराशीच आहे. मी खाली जात नाही, घरातच आहे, त्याच्यासमोर खुर्चीवर आहे. तरी दाराकडेच तोंड. फटीला नाक. आधीही तो माझी वाट बघत नव्हता.

रविवार, २ नोव्हेंबर

सांगितलं होतं.

सोमवारी सकाळी. हेमा पोळ्या लाटत होती. म्हणाली, "त्याच्या गळ्यात मी दोरा बांधलेला, कुठे पडला हो?" मी म्हटलं, पडला असेल कुठेतरी. ती माझ्या डाव्या बाजूला होती, चांगल्या कानाने ऐकलं. आणि मग इथे येऊन लिहिलं की लिहिण्यासारखं काही नाही.

हेमाला आत्ता सांगितलं. तिने दोरा उचलून देवघरात ठेवला आणि मला कागदावरचा नंबर मोठ्याने वाचून दाखवला, कारण मला नीट दिसत नव्हता.

लावला. स्पीकरवर. चार वेळा वाजला. मग तिचा आवाज आला, "हां, कोण बोलतंय?"

मी तोंड उघडायच्या आत मुकादम उठून उभा राहिला. मुकादम नाही. बंड्या.