ऋषीचे झाड

ठाकूरद्वार, ता. ३ नोव्हेंबर १८९३

ती. सौ. कालिंदीताईस धाकट्या शरच्चंद्राचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तुझ्या भावाचे इंग्रजी फार झाले आहे. हपिसात साहेबाने शोभेच्या झाडाच्या बियांची पुडी दिली. वर ‘सेज’ लिहिलेले. कोश उघडला, तो सेज म्हणजे ऋषी. झाले! दारातल्या कुंडीत बी पेरताना मी आईला सांगून बसलो की हे ऋषीचे झाड. तिने त्याच दिवशी निरांजन लावले आणि माझा जुना खोकला जावा म्हणून नवस केला, झाडाला फूल येईपर्यंत एकभुक्त राहीन.

काल साहेबाकडून कळले की हे नुसते तांबड्या फुलांचे रोप. आणि याच्याच भावकीतला पाला ते लोक बदकाच्या पोटात भरून भाजतात. आई याला रोज प्रदक्षिणा घालते! त्यात मी हौसेने दिवसातून चारदा पाणी घालून रोप सडवत आणले आहे. फुलाचे नाव नाही. आई वाळत चालली आहे. खरे सांगितले तर तिची श्रद्धा मोडेल, न सांगितले तर तीच मोडेल. काय करू?

लोभ आहे तेवढा राहू द्यावा. अकलेविषयी आग्रह नाही.

शरच्चंद्र

दादर, ता. ६ नोव्हेंबर

चि. शरच्चंद्रास कालिंदीचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून ह्यांच्या हातातला चहा सांडला. मला मात्र हसू फार वेळ पुरले नाही. साठीची बाई एक वेळ जेवते आणि तू कोश कसले चाळतोस? सांगून टाक, बदकासकट. आणि डॉक्टरकडे का जात नाहीस? काढा नको म्हणून लहानपणी माळ्यावर लपायचास, आता झाडाआड लपतोस होय? तुझ्या बायकोस, पद्मजेस, आशीर्वाद सांग.

मायेत उणे नाही, रागातही नाही.

कालिंदी

ठाकूरद्वार, ता. ११ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

सांगितले. बदकापाशी आलो तशी आईने डोळे मिटले. मला वाटले, आता पंचगव्य आणि माझी हकालपट्टी. ती इतकेच म्हणाली की झाड खोटे निघाले तरी तुझा खोकला खरा आहे ना, मग मी उपास कशाला सोडू?

जोडे घातले आणि तडक डॉक्टरकडे गेलो. काळजीचे कारण नाही म्हणाले, पण औषध असे दिले आहे की घोटाघोटाला पूर्वज आठवतात. बाटली पाहिल्यावर आईने उपास सोडला. संध्याकाळी पान मी स्वतः वाढले. तिने दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा मला रडूच कोसळले. खोकल्याची उबळ आली असे सांगून बाहेर पळालो.

लोभात अंतर पडू नये.

शरच्चंद्र