खेचर पुढे, स्वामी मागे

मे महिन्याची अखेर
नगराच्या सीमेबाहेरून

ती. ताईस,

धाकट्या सर्व्हियसचा सा. न. वि. वि. तू खुशाल असलीस तर मीही खुशाल आहे.

काल सैन्यासह पोचलो. मार्सच्या मैदानापलीकडे एका बागेतल्या घरात उतरलो आहे. गच्चीवरून आपली टेकडी दिसते. आपलं घर दिसत नाही. शेजाऱ्यांनी चढवलेला मजला आड येतो. हिस्पेनियातून इथवर आलो आणि घर तासाभराच्या चालीवर असताना अडकलो. सीमेच्या दगडाआत पाऊल टाकलं की माझं सेनापतिपद संपतं, आणि त्याबरोबर विजययात्राही. सिनेट यात्रेचा दिवस नेमील तोवर बाहेरच.

दुसरीकडे, कॉन्सलपदाची उमेदवारी सांगायला माणसाला स्वतः नगरात, चौकात उभं राहावं लागतं. या खेपेला माझं नाव मित्राच्या तोंडून ऐकून घ्यावं, अशी सिनेटला विनंती केली आहे. आपल्या घराण्यात कुणी कॉन्सल झालेला नाही. यंदा लोकांच्या ओठांवर माझं नाव आहे. पुढच्या वर्षी ते दुसऱ्या कुणाचं असेल.

आईला सांग, मी चार घोड्यांच्या रथातून येणार आहे. तिला पालखीत बसवून रस्त्याच्या कडेला आण. तिचे डोळे आता पुरते गेले असं तू लिहिलं होतंस. रथ थांबवून मी तिच्या हाताला हात लावीन.

तुझा,
सर्व्हियस

---

जूनचा आरंभ
घरून

चि. सर्व्हियस यास,

ऑफिडियाचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघी खुशाल. तू खुशाल असणारच, बागेत राहतोस.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. रथाचं ऐकून ती बरं म्हणाली आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. तुझा लहानपणचा ताईत तिने तू गेलास त्या दिवसापासून दारावर टांगला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपाळाला लागतो. मी दोनदा काढला, तिने दोनदा चाचपून पुन्हा लावला. तिचं म्हणणं, जिंकलेल्या माणसाला दृष्ट लागते, आणि त्याच्याच शिपायांनी यात्रेत त्याची भरपूर टिंगल केली की मगच ती उतरते. तोवर ताईत उतरायचा नाही.

तर आता सांग, तुझे शिपाई तुझ्यावर काय गाणार आहेत? कोबीवालीने खेचराचं काहीतरी सांगितलं आणि पुढचं सांगेना, नुसती हसत सुटली. माझ्यापासून लपवून तुझं काही निभावलेलं मला आठवत नाही.

तुझ्यावर माया आहेच, पण उत्तर वेळेवर आलं तर वाढेल.

ऑफिडिया

---

जून, सूर्यास्तानंतर
सीमेबाहेरून

ती. ताईस सा. न. वि. वि.

विनंती फेटाळलीसुद्धा गेली नाही. सिनेटमधला माझा विरोधक हर्डोनियस सकाळी बोलायला उभा राहिला. माझ्या अर्जापासून तो पुलांवर गेला, पुलांवरून त्याच्या आजोबांच्या सद्गुणांवर, आणि तिथून बकऱ्यांवर. सूर्य मावळला, आणि त्यानंतर मत घ्यायचं नाही या नियमाने सिनेट उठली. नावं सांगायची मुदत उद्या संपते.

म्हणजे एकच काहीतरी मिळेल. रथ हवा असेल तर इथे राहायचं. कॉन्सल व्हायचं असेल तर उद्या साध्या माणसासारखं पायी आत यायचं, आणि यात्रा गेली ती कायमची. शिपायांनी माळा करायला घेतल्या आहेत. त्यांच्यासमोर उभं राहून काय सांगू? आणि आई इतकी वर्षं ताईत धरून बसली आहे. पदाच्या मोहापायी तिची यात्रा बुडवणं मला बरं वाटत नाही. मी थांबावं असं मनात येतं.

खेचराचं खरं आहे. विजयाच्या दिवशी नदीकाठी खेचरासकट दलदलीत पडलो. ते आधी बाहेर आलं. त्याच्या शेपटीला धरून मी आलो. हे आईला सांगू नकोस.

तुझा,
सर्व्हियस

---

तीच रात्र

चि. सर्व्हियस यास आशीर्वाद.

सांगितलं. पोट धरून हसली.

मग तुझं बाकीचं पत्र वाचलं. तिने शेंगांची टोपली खाली ठेवली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते: "मला रथ कुठे दिसणार आहे? मला गाणी ऐकायची आहेत. गाण्याला घोडे लागत नाहीत."

शिपायांना हेच सांग. तुझी भाषणं मला ठाऊक आहेत, त्यांपेक्षा हे बरं.

तुझा टोगा तू पोचलास त्याच दिवशी मी धोब्याकडे टाकला होता. खडू लावून उमेदवाराला शोभेल असा पांढराशुभ्र होऊन आला आहे. पत्र आणणाऱ्या म्हाताऱ्याबरोबरच पाठवते. भिंतीला टेकू नकोस, खडू निघतो.

ऑफिडिया

---

पहाट

ती. ताईस सा. न.

आईचं वाक्य त्यांना सांगितलं. मग जुन्या निशाणदाराने विचारलं की म्हातारी राहते कुठे. मी टेकडी सांगितली.

टोगा घातला आहे. निघतो.

सर्व्हियस

---

क्विंटिलिस (जुलै), निवडणुकीनंतरचा दिवस
घरून

चि. सर्व्हियस, नियोजित कॉन्सल, यास थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तू गावाकडच्या मंडळींचे आभार मानायला पहाटेच निघालास, म्हणून लिहिते. काल निकालानंतर लोक तुला देवळाकडे घेऊन गेले, तेव्हा इकडे काय झालं ते तुला ठाऊक नाही. तू दारात आलास तोवर सगळे शहाण्यासारखे गप्प झाले होते.

त्याआधी आपल्या गल्लीत तुझे शिपाई मावत नव्हते. मत देऊन थेट इकडे आले होते. हातात शस्त्र नाही, डोक्यावर त्याच वाळलेल्या माळा. निशाणदाराने आईला दारातल्या बाकावर बसवलं, आणि मग सुरू झालं:

शत्रू गेला डोंगरात, शूर आमचे चिखलात,
खेचर पुढे, स्वामी मागे, शेपूट घट्ट हातात!

पुढची कडवी मी लिहिणार नाही. आईने त्यांतलं एक पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकू आलं नाही म्हणून. एका ठिकाणी ताल चुकतो असंही सांगितलं, आणि त्यांनी तो सुधारून घेतला. तू नगरात आलास त्या पहिल्या दिवशी मिठी मारलीस तेव्हा तिच्या शालीला लागलेला खडू अजून तसाच आहे; ती धुवायला देत नाही.

त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावरून हात फिरवून ती काहीच बोलली नव्हती. तुला ते लागलं होतं, मला दिसलं. काल गाणं संपल्यावर ती उठली, चौकट चाचपली, ताईत काढून पदरात बांधला आणि मला म्हणाली, "आता आला माझा मुलगा."

परतताना खेचरावर बसू नकोस. आमच्या दोघींवर आहे तेवढी माया राहू दे.

ऑफिडिया