हाड शाबूत आहे

दि. ९ फेब्रुवारी
सकाळचे साडेदहा

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तिकडे सगळी मंडळी बरी असतील. शाळेच्या परीक्षा जवळ आल्या, म्हणजे तुझ्या टेबलावर वह्यांचा डोंगर आणि तुझ्या नाकावर राग असणार. इथे आम्ही ठीक आहोत. तुझी वहिनी ठीक आहे, फक्त माझ्याशी बोलताना तिचा आवाज हल्ली वरच्या पट्टीतून खाली येत नाही.

‘ठीक आहोत’ हे सवयीने लिहिलं. मी ठीक नाही. पाच आठवडे झाले, खिडकीपाशी खुर्चीत बसून आहे आणि उजवा पाय समोरच्या स्टुलावर पाहुण्यासारखा विराजमान आहे. येरझारा घातल्याशिवाय मला विचार सुचत नाही, हे तुला ठाऊक आहे. खुर्चीत बसून सुचतात त्या फक्त शिव्या. पाण्याचा पेला हातभर लांब असला तरी हाक मारावी लागते. काल वहिनी म्हणाली, “हजार माणसं एका हाकेत जमवता ना? मग त्या पेल्यालाही बोलवा.”

झालं असं की, गोदाम कामगारांच्या सभेत बोलता बोलता एका वाक्यावर मी पाय आपटला. माझी सवयच आहे ती. मंचाच्या फळीची कड लक्षात आली नाही, अर्धं पाऊल हवेत गेलं आणि घोटा आतल्या बाजूला वळला. लोकांना वाटलं, मी आवेशात खाली बसलो. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

एक्स-रे काढला. डॉक्टरने फिल्म उजेडात धरून सांगितलं, “हाड शाबूत आहे.” मी लगेच चपला शोधू लागलो. तो म्हणाला, “बसा. हाड शाबूत आहे, एवढंच मी म्हणालो. पाय शाबूत आहे असं नाही म्हणालो.”

मग मला एका फिजिओथेरपिस्ट मुलीच्या ताब्यात दिलं. वय असेल सत्तावीस. मला काका म्हणते आणि नोकरासारखं राबवते. पहिल्या दिवशी मी तिच्यावर ओरडलो, तर म्हणाली, “काका, आवाज कमी. घोट्याला कान नसतात.” तिच्या टेबलावर पावलाचा प्लॅस्टिकचा सांगाडा आहे. एका पावलात सव्वीस हाडं, धाकटी! मी जन्मभर वाचत आलो, घरात पुस्तकांना जागा पुरत नाही, पण ज्यावर उभा आहे त्याचं एक पान उलगडलं नव्हतं.

ती सांगते, नडगीची दोन हाडं चिमट्यासारखी खाली येतात आणि त्यांच्या मध्ये एक आखूड, गुळगुळीत हाड बसतं. तो घोट्याचा सांधा. पाऊल वर-खाली होतं ते त्याच्यामुळे. त्याच्याच खाली दुसरा सांधा असतो, पाऊल आत-बाहेर कलतं ते त्याच्यामुळे. खडबडीत वाटेवर तोच आपल्याला सांभाळतो. आणि हे सगळं एकत्र धरतात ते अस्थिबंध. आतल्या बाजूचा पंख्यासारखा पसरलेला, दणकट. बाहेरच्या बाजूला तीन सुटे पट्टे, आणि त्यातला पुढचा सगळ्यांत नाजूक. पाऊल आत वळलं की पहिला तो जातो. माझा तोच गेलाय. तिने माझी नडगी एका हाताने दाबली, दुसऱ्या हाताने टाच धरून पुढे ओढली, तर पाऊल टेबलाच्या खणासारखं पुढे सरकलं. माझ्या डोळ्यांसमोर काजवे चमकले.

“पण एक्स-रेत काही दिसत नाही,” मी वाद घातला.

“एक्स-रेत हाडं दिसतात, काका. धरून ठेवणारं काही दिसत नाही.”

मग तिने विचारलं, “यापूर्वी कधी मुरगळला होता? आणि चालत राहिलात?” मी म्हटलं, माझा नाही.

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा सांगाड्यापर्यंत येऊन थांबलो. पुढचं लिहायला मला वक्तृत्व उपयोगी पडत नाही.

गेल्या मंगळवारी दवाखान्यात बाकावर एक बाई शेजारी बसली होती. गोदामात पॅकिंगला आहे, दहा-दहा तास उभ्याने काम. डावा घोटा भोपळ्याएवढा सुजलेला. मला ओळखून एकदम खूश झाली. “साहेब, तुम्हीच ना ते? ‘हाड शाबूत आहे ना, मग उभे राहा!’ आठ महिन्यांपूर्वी माझा पाय मुरगळला. नवरा म्हणाला, सुट्टी घे. मी त्याला तुमचं वाक्य ऐकवलं आणि तश्शीच कामावर गेले. तुमच्या बहिणीची गोष्ट तर मी मुलींनाही सांगते.”

“आता कसं आहे?” मी विचारलं.

“आता तो पाय आपला वाटतच नाही हो. सपाट जमिनीवरसुद्धा दगा देतो.”

‘पाय आपला वाटत नाही.’ हे शब्द मी आधी ऐकलेत. तू बारा वर्षांची होतीस, मी एकोणीस. शर्यतीच्या दिवशी मैदानाच्या कडेला, चुन्याच्या रेषेवर तू बसली होतीस आणि म्हणालीस, “दादा, पाय माझा वाटत नाहीये.” मी बोटांनी घोटा दाबून पाहिला आणि मोठ्या वैद्याच्या थाटात म्हणालो, “मुरगळलाय नुसता. हाड शाबूत आहे. ऊठ.” आणि तू उठलीस. तुला पळायचं होतं म्हणून नव्हे. दादाने सांगितलं म्हणून.

फिजिओथेरपिस्ट सांगते, त्या पट्ट्यांत नसांची टोकं असतात. पाऊल कुठे आहे, किती कललंय, ही खबर तीच मेंदूला देतात. पट्टा फाटला की खबर थांबते. म्हणजे तू तक्रार करत नव्हतीस. तू अगदी नेमकं, शब्दाला शब्द खरं सांगत होतीस. आणि मी, शब्दांवर जगणारा माणूस, तो शब्द ऐकलाच नाही. कारण सगळ्या गल्लीला मी आधीच सांगून बसलो होतो की माझी बहीण पहिली येणार.

बावीस वर्षं मी ती गोष्ट सभांतून सांगतोय. माझ्या गोष्टीत तू उठतेस, धावतेस आणि पहिली येतेस. खरं काय झालं ते आपल्या दोघांनाच ठाऊक आहे. दुसऱ्या वळणावर तू पडलीस आणि मग कधीच धावली नाहीस. अकरा वर्षांपूर्वी तू एका सभेला आली होतीस, तिसऱ्या रांगेत. गोष्ट सुरू झाली तशी उठून गेलीस. रात्री फोनवर एवढंच म्हणालीस, “त्या गोष्टीतून माझा पाय काढ.” मी हसलो. विनोद समजलो. त्यानंतर आपण आईच्या औषधांपलीकडे काही बोललो नाही, आणि आई गेल्यावर तेही नाही.

मी कोणत्या वाक्यावर पाय आपटला, ते आता तुला सांगायला नको.

येत्या रविवारी मोठी सभा आहे. संघटनेची पोरं खुर्चीसकट मला मंचावर चढवायला तयार आहेत. त्यांचा निरोप आलाय, “बहिणीची गोष्ट घ्याच, लोक त्यासाठी येतात.” त्याच सभेत आम्ही मागणी ठेवणार आहोत की पॅकिंगच्या बायकांना बसायला स्टूल मिळावं. एका तोंडाने स्टूल मागायचं आणि दुसऱ्या तोंडाने उभे राहा म्हणायचं! मला माझीच चीड येते, धाकटी. इतकी की काल चष्म्याचं घर भिंतीवर फेकलं, आणि मग उचलायला वहिनीला हाक मारावी लागली.

मला त्या सभेत खरी गोष्ट सांगायची आहे. तू काय म्हणालीस, मी काय ऐकलं नाही आणि तू कुठे पडलीस. ती बाईही तिथे असेल, तिने ऐकलं पाहिजे. पण तुला न विचारता एकदा तुझा पाय मी हजारो लोकांपुढे ठेवलाय. खरेपणाच्या नावाखाली पुन्हा तेच करणार नाही. म्हणून विचारतो. ‘हो’ म्हणालीस तर सांगेन. ‘नाही’ म्हणालीस किंवा शनिवारपर्यंत काहीच कळवलं नाहीस, तर तुझ्याबद्दल अवाक्षर काढणार नाही. एवढंच सांगेन की माझं ते वाक्य चूक होतं, आणि स्टूल मागून गप्प बसेन. दोन्हीकडून ती जुनी गोष्ट संपली.

सध्या रोज ओट्याला धरून उजव्या पायावर उभं राहायचा व्यायाम करतो. हात सोडला की घोटा थरथरतो, अकरा-बारा सेकंदांत तोल जातो. फळ्यावर लिहिताना तू एका पायावर भार देऊन उभी असतेस. मुलं तुला बगळा म्हणतात, असं आईने एकदा सांगितलं होतं, आणि तेव्हाही मी हसलो होतो.

लहानपणी मी तुला भिंगरी म्हणायचो. वर मुद्दाम ते लिहिलं नाही. इथेही हाक म्हणून लिहीत नाही. फक्त विसरलो नाही, एवढंच.

तुझ्या उत्तराची वाट बसून पाहणारा,
दादा